विस्तव आणि वारा

धर्मगुरूने बिअरविषयी लिहावे, हे आमच्या काही वाचकांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही आमच्या सेवाकाळात जवळून पाहिली आहेत. पगाराच्या रात्री नवऱ्याची वाट पाहून थकलेल्या आणि सकाळी मिस्साला न चुकता येणाऱ्या भगिनींचे चेहरे आमच्या डोळ्यांसमोर आहेत. तेव्हा मद्याची भलावण करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आम्हांला सांगायचे आहे ते एका शेगडीविषयी, एका दाराविषयी आणि आमच्या हातून दोनदा घडलेल्या एकाच चुकीविषयी.

२०१७ सालच्या ऑक्टोबरात आमच्या बिशपस्वामींच्या संमतीने आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात दीड-दोन वर्षांच्या सेवेसाठी गेलो. तिकडे धर्मगुरूंची वाण आहे. दोन-दोन, तीन-तीन धर्मग्रामे एकाच धर्मगुरूला सांभाळावी लागतात. आमचे धर्मग्राम मिलवॉकी शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवरापासून फार दूर नव्हते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी तो मुलूख भरला. येताना त्यांनी आपली प्रार्थनापुस्तके आणली, तशी बिअर करण्याची विद्याही आणली. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही त्या शहरातील कारखान्यांची नावे एके काळी देशभर गाजत होती. श्लिट्झचा तेथील कारखाना १९८१ साली व पॅब्स्टचा १९९६ साली बंद पडला; परंतु ती हौस लोकांच्या घरांत, विशेषतः मोटार ठेवण्याच्या गॅरेजमध्ये, जिवंत राहिली.

आमच्या धर्मग्रामात एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही; आम्ही मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणत असू. उभा जन्म लेथवर काम करून निवृत्त झालेले. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारलेली. एकुलती एक मुलगी तासाभराच्या अंतरावर राहणारी. रविवारच्या मिस्साला दानाची टोपली फिरविण्याचे काम त्यांच्याकडे असे. थंडीच्या पहिल्या दिवसांत एकदा मिस्सानंतर ते म्हणाले, “फादर, शनिवारी माझ्याकडे या. मी बिअर शिजवणार आहे.”

आमच्या मनात पहिला शब्द उमटला तो हातभट्टी! आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा दानाची टोपली फिरविणारा हा सज्जन असला उद्योग करतो, आणि वर धर्मगुरूला आमंत्रण देतो, याचे आम्हांस नवल वाटले. आजोबांनी आमची अडचण ओळखली. त्यांच्या देशात १९२० ते १९३३ पर्यंत संपूर्ण दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करण्यास मुभा मिळाली, पण बिअरचे नाव कायद्यात यायचे राहून गेले, ते तब्बल ४५ वर्षे! १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या संबंधीच्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून एकट्या प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोघे असतील तर त्याच्या दुप्पट बिअर स्वतःच्या उपयोगासाठी करता येते. विकता मात्र येत नाही. “पत्नी गेल्यापासून माझा वाटा निम्मा झाला,” आजोबा म्हणाले आणि हसले. त्या हसण्याला आम्हांस उत्तर सुचले नाही.

आम्ही गेलो. हे काम हातभट्टीचे नव्हे, हे तेथे पाहिल्यावर कळले. कारण बिअरमध्ये काही गाळले जात नाही. ते स्वयंपाकाच्याच जातीचे काम आहे. सातू भिजवून, त्याला मोड आणून वाळवितात व भाजतात. त्यास माल्ट म्हणतात. आजोबा हा भरडलेला माल्ट सहलीला बर्फ नेण्याच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात घालीत आणि त्यावर गरम पाणी ओतीत. ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास ते मिश्रण तासभर ठेवले की धान्यातील पिठाची साखर होते. उष्णता चार-पाच अंशांनी चुकली तरी पेयाची चव व अंग बदलते. मग खालच्या तोटीने तो गोड, तपकिरी रस मोठ्या हंड्यात उतरवायचा आणि तासभर खळखळ उकळायचा. उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालायची. आरंभी घातलेली कडवटपणा देतात, शेवटी घातलेली सुगंध. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्समुळे पेय नासत नाही असे लिहून ठेवले आहे, हे आम्ही आजोबांना सांगितले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! नंतर तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून रस निववायचा, त्यात यीस्ट घालायचे आणि दोन आठवडे आंबू द्यायचे. एका खेपेस १९ लिटर बिअर होई. त्यांपैकी चार-सहा बाटल्या ते ठेवीत. बाकीच्या धर्मग्रामातील मंडळींत वाटल्या जात. त्या कामात दिवस जाई आणि घरात चार माणसे येत. आजोबांना हवी होती ती बिअर नव्हे, ती माणसे, हे समजायला आम्हांस फार वेळ लागला नाही.

या सर्व कामाचा प्राण म्हणजे शेगडी. ती तीन पायांची, लोखंडी, गुडघ्याएवढी उंच; खाली प्रोपेन वायूचा २० पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा सिलिंडर. पेटविली की विमान उडाल्यासारखा घोष होई. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. पण आपल्या ओट्यावरची शेगडी आणि ही शेगडी यांत पणती व मशाल यांच्याएवढे अंतर. पूर्ण जोराने चालविली तर ती तासाला सव्वा किलोहून अधिक वायू जाळी. आपल्या घरचा १४.२ किलोंचा सिलिंडर तिला दहा-अकरा तासच पुरला असता. एवढा विस्तव जळायला तेवढाच वारा लागतो. म्हणून आजोबा ती गॅरेजच्या बाहेर, मोटार येण्याच्या वाटेवर, उघड्या आकाशाखाली पेटवीत. शेगडीच्या पत्र्यावरही तसेच लिहिलेले होते: फक्त उघड्यावर वापरावी.

परंतु तो मुलूख विस्कॉन्सिन आहे. जानेवारी २०१८ मधील त्या शनिवारी पारा उणे पंधराच्या खाली उतरला होता. सरोवराकडून वारा असा येत होता की शेगडीची ज्योत आडवी होऊन हंड्याच्या बाहेरच पळत होती. वायू बाहेर पडताना सिलिंडर स्वतःही गारठतो. त्याच्या अंगावर हिमाचा थर बसला होता आणि ज्योतीचा जोर ओसरला होता. आजोबांनी सिलिंडरसकट शेगडी गॅरेजात घेतली आणि दार अर्धे खाली ओढले. इतर मंडळी थंडीमुळे आली नव्हती. आम्ही पोहोचलो तेव्हा आत ऊब होती, शिजणाऱ्या माल्टचा, गूळ उकळावा तसा, वास होता. वसईच्या उन्हात वाढलेले आमचे हाड त्या थंडीने पार गोठले होते. आम्ही हात शेकीत म्हणालो, “दार आणखी थोडे खाली घेता आले तर बरे होईल.”

हे वाक्य आमचेच. आजोबांनी पाहुण्याचा मान राखला आणि दार खाली ओढले. जमिनीपासून वीतभर फट तेवढी ठेवली.

आम्ही पाऊण तास बोलत बसलो असू. आजोबांनी हॉप्सची पहिली पुडी घातली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “फादर, मी हॉप्स घातले का?” जन्मभर लेथवर केसाएवढे माप सांभाळलेला हा माणूस, त्याला असे विचारताना आम्ही कधी ऐकले नव्हते. आम्ही होय म्हणालो. पुन्हा थोड्या वेळाने त्यांनी तेच विचारले. मग ते उलट्या घातलेल्या बादलीवर बसले आणि कपाळ धरून म्हणाले, “डोके जड झाले आहे. सर्दी होणार.” आमचेही डोके दुखत होते, आम्ही त्याचे खापर थंडीवर फोडले होते. इतक्यात आमची दृष्टी शेगडीकडे गेली. निळ्या ज्योतीची टोके पिवळी झाली होती आणि हंड्याच्या बुडाशी काजळी धरली होती. डोकेदुखी, सुस्ती आणि बंद खोलीतील विस्तव ही तीन लक्षणे एका डॉक्टरांच्या तोंडून आम्ही पूर्वी एकदा ऐकली होती. ती तशीच्या तशी आठवली. आम्ही धडपडत जाऊन दार दोन्ही हातांनी वर ढकलले, शेगडीची चावी फिरविली आणि आजोबांना बखोटीला धरून बर्फात आणून बसविले. त्यांचे पाय टेकत नव्हते.

रुग्णवाहिका आली. रुग्णालयात त्यांना कित्येक तास प्राणवायू द्यावा लागला. आम्हांलाही थोडा वेळ तोंडावर मुखवटा लावून बसविले. विस्तवाला पुरेसा वारा मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणेही नाही. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरत जातो. पहिले लक्षण डोकेदुखीचे. म्हणून माणूस सर्दी समजून तेथेच बसून राहतो. प्रोपेन गळला तर निदान त्यात मुद्दाम मिसळलेली दुर्गंधी हाक मारते. या वायूला ती हाकही नाही.

आता ती पहिली गोष्ट सांगितली पाहिजे.

२०१२ साली आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामात एका कुटुंबाने नवे घर घेतले. बरीच वर्षे भाड्याच्या खोलीत काढून, पै पै जोडून घेतलेली ती जागा. घराला आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो. प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडले. न्हाणीघरात शिरलो तेव्हा त्या घरचा एकोणीस वर्षांचा मुलगा, आमच्या गायनवृंदात गाणारा, कौतुकाने म्हणाला, “फादर, हा गॅसचा गिझर बघा. नळ सोडला की आपोआप पेटतो.” आम्ही पाहिला, वाखाणला आणि त्यावरही पाणी शिंपडले. न्हाणीघर चार हात लांब व तीन हात रुंद. वर काचेच्या पट्ट्यांची एक लहान खिडकी. डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, तो मुलगा पहाटे आंघोळीला गेला आणि बाहेर आला नाही. दार फोडावे लागले. खिडकीच्या पट्ट्या थंडीसाठी मिटलेल्या होत्या आणि गिझर जळत होता. आम्हांस कारण सांगणारे ते डॉक्टर त्या दिवशीचे.

अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही देवाच्या अगम्य इच्छेविषयी बोललो. उमलण्याआधी खुडलेल्या फुलाविषयी बोललो. लोक रडले. खिडकीविषयी आम्ही एक शब्दही काढला नाही. शोकाच्या घडीला असे बोलणे क्रूरपणाचे ठरेल, असे आम्ही स्वतःस सांगितले; पण त्यानंतरच्या रविवारी, किंवा त्यानंतरच्या कोणत्याही रविवारी, आम्ही ते बोललो नाही. धर्मग्रामात तसे गिझर आणखी पुष्कळ घरांत होते.

रुग्णालयातून घरी आल्यावर आजोबांना आम्ही हे सर्व सांगितले. सांगण्यामागचा हेतू त्यांनी गॅसची शेगडी सोडावी हा होता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, त्या मुलाच्या आईला तुम्ही हे सांगितलेत का?”

आम्ही नाही म्हणालो.

शेगडी सोडण्यास आजोबा सहजासहजी तयार झाले नाहीत. त्यांची मुलगी म्हणाली, बिअर करणेच बंद करा. ते म्हणाले, दार उघडे ठेवीन, झाले. आम्ही दोघांच्या मध्ये सापडलो. त्यांचा खरा आक्षेप निराळा होता, तो हळूहळू बाहेर आला. त्या शेगडीचा घोष ऐकला की त्यांची पत्नी स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन येत असे. आवाज बंद झाला म्हणजे रस उकळून झाला असे समजून ती तांब्याचे वेटोळे धुऊन ठेवी. “विजेला आवाज नाही, फादर. विस्तवाशिवाय कसली बिअर?” अशा युक्तिवादापुढे शास्त्र चालत नाही. आम्ही एवढेच म्हणालो की बिअरने विस्तव पूर्वीही बदलला आहे. माल्ट एके काळी लाकडाच्या धुरावर भाजीत. सतराव्या शतकात इंग्लंडात दगडी कोळशाचा कोक वापरात आला, धूर कमी झाला आणि फिकट रंगाची बिअर करणे साधले. त्या काळच्या म्हाताऱ्यांनीही धुराशिवाय कसली बिअर, असे म्हटले असेलच की! आजोबा प्रथमच हसले. “मी त्यांच्याइतका म्हातारा नाही,” ते म्हणाले. आम्ही ते संमतिदर्शक मानले.

काम धर्मग्रामातीलच एका परवानाधारक वीजतंत्र्याने अंगावर घेतले. अमेरिकेत भिंतीवरच्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट असतात, आपल्याकडील २३० च्या जवळजवळ निम्मे. त्यावर साधारणतः पंधराशे वॅटचे उपकरण चालते, म्हणजे आपण बादलीत सोडतो त्या रॉडएवढे. तेवढ्यावर २६ लिटर रस खळखळत नाही. मात्र कपडे वाळविण्याच्या यंत्रासाठी पुष्कळ घरांत २४० व्होल्टची, ३० अँपिअरची निराळी जोडणी असते. तशीच एक जोडणी गॅरेजपर्यंत आणली. हंड्याच्या बुडापासून चार बोटे वर भोक पाडून ५५०० वॅटची तापणारी नळी आडवी बसविली. ती सुमारे २३ अँपिअर वीज घेते. ही नळी मुद्दाम लांब व पुष्कळ घड्यांची घेतात. उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरली नाही तर साखरेचा रस नळीला लागून करपतो आणि पेयाला जळका वास येतो. जोडीला उष्णता मोजून वीज कमी-अधिक करणारी एक पेटी. एकंदर खर्च सहा-सातशे डॉलर झाला.

वीजही निरुपद्रवी नव्हे, हे रॉडचा झटका खाल्लेल्या आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून तीन नियम ठरले आणि आजोबांनी ते आपल्या वळणदार अक्षरांत भिंतीवर लिहिले. पहिला: हंडा भरल्याशिवाय बटण दाबायचे नाही, कोरडी नळी काही सेकंदांत लाल होऊन जळते. दुसरा: जोडणीवर असे सुरक्षा-बटण हवे की काही मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने गेली तरी ते तत्क्षणी प्रवाह तोडील, हंड्याला जमिनीशी जोडणारी तारही पक्की हवी. तिसरा: वाफेला वाट हवी. तासाभरात चार लिटर पाणी वाफ होऊन उडते; ते बंद गॅरेजात राहिले तर भिंतींवरून ओघळते. त्यासाठी हंड्यावर पत्र्याचे छत्र व बाहेर हवा फेकणारा पंखा बसविला. शिवाय भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहानसे यंत्र लागले, जरी आता त्याचे काम उरले नव्हते. ते आम्ही भेट दिले होते.

२४ फेब्रुवारीला, उपवासकाळातील एका शनिवारी, विजेवरची पहिली खेप झाली. म्युनिकच्या मठातील संन्यासी उपवासकाळात दाट बिअरवर दिवस काढीत असे सांगतात. आजोबांनी मात्र ती करायची पण ईस्टरपर्यंत बाटली उघडायची नाही, असा नेम केला. गॅसच्या शेगडीची ताकद या नळीच्या तिप्पट. पण तिची अर्ध्याहून अधिक उष्णता हंड्याच्या कडांवरून हवेत जात असे. नळी रसातच बुडलेली, त्यामुळे तिची जवळजवळ सगळी उष्णता रसाला मिळते. पासष्ट अंशांवरचा रस उकळी फुटेपर्यंत बारा-तेरा मिनिटे लागली. आजोबांनी दोनदा घड्याळ पाहिले. उकळी धरल्यावर वीज निम्म्यावर आणता आली. सबंध दिवसाला पाच-सहा युनिटे खर्च झाली. धूर जगातूनच नाहीसा झाला असे आम्ही म्हणणार नाही. विस्कॉन्सिनची पुष्कळशी वीज त्या वेळी कोळसा व नैसर्गिक वायू जाळूनच निर्माण होत होती. पण तो धूर त्या खोलीत नव्हता, एवढे खरे.

गॅरेजात विलक्षण शांतता होती. केवळ रस उकळण्याचा मंद आवाज. आजोबा काही वेळ अस्वस्थ होऊन फिरत राहिले. सवयीने दोनदा वाकून हंड्याखाली ज्योत पाहू लागले. मग बादली ओढून आमच्याजवळ बसले आणि पत्नीविषयी बोलू लागले. इतक्या शनिवारांत ते कधी तिच्याविषयी एवढे बोलले नव्हते. त्या शेगडीच्या घोषात बोलणे शक्यच नसे. मध्येच थांबून ते म्हणाले, “फादर, तुमचा आवाज इतका बारीक आहे हे मला ठाऊक नव्हते.”

१ एप्रिलला ईस्टर होता. जुन्या लॅटिन विधिग्रंथात बिअरवर आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही ती एकमेकांना थट्टेने वाचून दाखवीत असू. त्या दुपारी ती आम्ही गांभीर्याने म्हटली. काना गावच्या लग्नातील पहिला चमत्कार पाण्याच्या रांजणांजवळच घडला, याची आठवण झाली. आम्ही अर्धा पेला घेतला. आजोबांनी चव घेतली, तोंडात घोळवली आणि म्हणाले, “पूर्वीसारखीच आहे.” त्यांच्या स्वरात थोडी निराशा होती आणि पुष्कळसा दिलासा.

२०१९ च्या मध्यास आम्ही परतलो. पहिल्याच आठवड्यात त्या मुलाच्या आईला भेटायला गेलो. साडेसहा वर्षे मनात रचलेली वाक्ये तिच्यासमोर बसल्यावर एकही आठवेना. शेवटी आम्ही गॅरेजची गोष्ट सांगितली. बिअर, शेगडी, दार आणि आमचे ते वाक्य, सगळे. प्रवचनात खिडकीविषयी बोलण्याचे आम्ही टाळले, हेही सांगितले आणि क्षमा मागितली. ती पदराशी चाळा करीत ऐकत होती. मग खाली मान घालून म्हणाली, “फादर, खिडकी लावून घे असं मीच त्याला सांगितलं होतं. त्याला खोकला झाला होता.” हे तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. देवाच्या इच्छेविषयीचे आमचे शब्द त्या माऊलीने प्रवचनात ऐकले होते आणि घरी जाऊन ती रोज स्वतःलाच दोष देत राहिली होती. “तुम्हीपण दार लावायला सांगितलंत,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “तुम्हालाही ठाऊक नव्हतं.” आम्ही म्हणालो, “ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? मला सांगितलेले होते, मी विसरलो होतो. तुला तर कुणी सांगितलेच नव्हते.” त्यावर ती खूप रडली. आम्हीही रडलो.

देवाच्या इच्छेवर आमचा विश्वास आहे. तो कमी झालेला नाही. परंतु वीतभर खिडकीने जे टळले असते, त्याचा भार देवावर टाकण्याचा धर्मगुरूला अधिकार नाही, असे आता आम्हांस वाटते.

तेव्हापासून घराला आशीर्वाद देण्यास गेलो की आम्ही प्रथम न्हाणीघरात जातो. गॅसचा गिझर आत असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, नाहीतर विजेचा घ्या, आणि विजेचा घेतला तर जोडणीवर सुरक्षा-बटण लावा, असे सांगतो. तो बदलेपर्यंत तरी बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला आत जा. डोके दुखू लागले तर आधी बाहेर या, कारण मागाहून शोधा. काही मंडळी हसतात. “फादर पवित्र पाणी शिंपडायला आलेत की गिझर तपासायला?” असे एका तरुणाने विचारले. त्या दिवशी आमच्याबरोबर ती आईही होती. अशा वेळी ती पुष्कळदा येते. आम्ही काही बोलण्याआधीच ती न्हाणीघरात गेली आणि तिने खिडकीच्या पट्ट्या एकेक करून उघडल्या.